मालगुडीतील खून आणि म्हैसूरचा बातमीदार

खून आणि विनोद ह्यांच्या नात्याचा विचार आपल्या समीक्षेने फारसा केलेला नाही. खून हा शोकात्म नाट्याचा विषय झाला, तर त्याच्याविषयी गंभीरपणे लिहावयाचे. तो रहस्यकथेचा विषय झाला, तर त्याच्याविषयी काही लिहावयाचेच नाही, असा एक अलिखित संकेत आहे. बाबूराव अर्णाळकरांच्या शेकडो रहस्यकथा महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांनी अधाशीपणे वाचल्या. परंतु त्या वाचनाने वाचकाच्या मनावर कोणते संस्कार केले, हा प्रश्न विचारण्याच्या योग्यतेचा आहे असे आपल्या वाङ्मयेतिहासकारांना क्वचितच वाटले. ज्या कथेत खून आहे, शोध आहे आणि तरीही जी वाचताना हसू येते, तिची तर आपल्याकडे जातच ठरलेली नाही.

अशा एका कथेचा आणि ती जेथून उगवली त्या व्यवसायाचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे. कथा म्हणजे आर. के. नारायण ह्यांची 'द मॅन-ईटर ऑफ मालगुडी' ही १९६१ सालची कादंबरी. आणि व्यवसाय म्हणजे तिच्या लेखकाने पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या उमेदवारीत म्हैसूर शहरी केलेली बातमीदारी. ह्या दोहोंचा संबंध केवळ चरित्रात्मक आहे असे मला वाटत नाही. तो भाषेचा आहे, आणि भाषेच्या वाटेने तो नीतीपर्यंत जातो.

बातमीदाराला हेर करण्याची कल्पना मुळात युरोपातली. गास्ताँ लेरू ह्या फ्रेंच लेखकाने स्वतः न्यायालयीन वार्ताहर म्हणून उमेदवारी केलेली होती. १९०७ साली त्याने 'पिवळ्या खोलीचे रहस्य' ही कथा लिहिली आणि तिचा शोधक केला तो रूलताबीय नावाचा कोवळ्या वयाचा बातमीदार. ह्या निवडीमागे एक व्यावहारिक शहाणपण आहे. पोलिसाला प्रश्न विचारण्याचा अधिकार असतो, पण त्याला खरे उत्तर कोणी देत नाही. खाजगी हेराला अधिकारही नसतो आणि निमित्तही नसते. बातमीदाराजवळ अधिकार नसला तरी निमित्त असते. तो कोणाच्याही ओटीवर जाऊन बसू शकतो आणि त्याला उत्तर देताना माणसे आपले नाव छापून येईल ह्या आशेने आवश्यकतेपेक्षा थोडे अधिक बोलतात.

ह्या परंपरेत विनोद आणला तो ई. सी. बेंटली ह्याने. १९१३ सालच्या त्याच्या 'ट्रेंट्स लास्ट केस' ह्या कादंबरीतील ट्रेंट हा चित्रकार एका वृत्तपत्राच्या वतीने खुनाचा तपास करावयास जातो, निर्दोष तर्कशास्त्राने एक उत्तर काढतो, आणि ते साफ चुकीचे ठरते. कधीही न चुकणाऱ्या हेराची थट्टा करावी हाच बेंटलीचा उद्देश होता. तर्क बिनचूक असूनही सत्य निसटते, हा त्या थट्टेतला गंभीर भाग. नारायण ह्यांनी बेंटली वाचला होता किंवा नव्हता ह्याच्याशी येथे कर्तव्य नाही. म्हैसूरच्या बातमीदाराला तो न वाचताही तोच धडा मिळण्यासारखी परिस्थिती होती, एवढेच दाखवावयाचे आहे.

ही परिस्थिती काय होती? म्हैसूर हे तेव्हा एका संस्थानाच्या राजघराण्याचे शहर. रस्ते रुंद, बागा नेटक्या, महाविद्यालय नामांकित. मोठ्या बाजारपेठेच्या रस्त्याला नाव बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे. वर्षातून एकदा दसऱ्याची स्वारी निघावी, हत्तींनी मिरवावे, आणि उरलेले वर्ष त्या स्वारीच्या आठवणीत व पुढच्या स्वारीच्या तयारीत जावे, असा तेथील जीवनाचा संथ ठेका. वृत्तपत्रांच्या दृष्टीने ही भूमी फारशी सुपीक नव्हती. १९०८ साली संस्थानाने वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा एक कायदा केला होता. त्या वेळी दिवाणपदावर व्ही. पी. माधवराव होते. कुंभकोणमचे हे गृहस्थ तंजावरी मराठी वळणाच्या घराण्यातले, हे मराठी वाचकाने विसरू नये. दक्षिणेतील आपल्या भाषाबंधूंचा तेथील राज्यकारभाराशी असलेला संबंध सर्वच बाबतींत मिरवण्यासारखा नाही. अशा संस्थानात राहून मद्रासेत छापल्या जाणाऱ्या पत्राला बातम्या पुरविणारा माणूस दोन राज्यव्यवस्थांच्या उंबरठ्यावर उभा असे. तो लिही तेथे छापले जात नसे, आणि छापले जाई तेथे त्याला कोणी ओळखत नसे.

नारायण ह्यांचा जन्म १९०६ सालचा, म्हणजे योगायोगाने अर्णाळकरांच्याच जन्मवर्षाचा. १९३० साली ते महाराजा कॉलेजातून पदवीधर झाले, शिक्षकाची नोकरी धरली आणि लगेच सोडली. लेखनावर जगावयाचे असा हट्ट धरला. विवाह झाल्यावर हा हट्ट महाग पडू लागला आणि त्यांनी 'जस्टिस' ह्या मद्रासच्या इंग्रजी दैनिकाची म्हैसूरची बातमीदारी पत्करली. 'जस्टिस' हे दक्षिणेतील ब्राह्मणेतर चळवळीचे मुखपत्र. आपल्याकडे १९१० पासून नगर जिल्ह्यातील खेड्यातून निघणाऱ्या मुकुंदराव पाटलांच्या 'दीनमित्रा'ने सत्यशोधक विचारासाठी जे केले, त्याच जातीचे कार्य तेथे मोठ्या शहरातून, इंग्रजीतून आणि राजकीय पक्षाच्या बळावर चालले होते. अशा पत्राचा म्हैसूरचा प्रतिनिधी एक तमिळ ब्राह्मण तरुण असावा ह्यातला विनोद त्या तरुणाच्या ध्यानात आल्यावाचून राहिला नाही. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या 'माय डेज' ह्या आत्मचरित्रात त्याने ह्या दिवसांचे वर्णन मोठ्या खेळीमेळीने केले आहे.

त्या वर्णनातील काही तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहेत. मोबदला छापून आलेल्या मजकुराच्या लांबीवर ठरे. म्हणजे बातमीदाराचा संसार इंचांनी मोजला जाई. नगरपालिकेची सभा, व्याख्याने, समारंभ, निरनिराळ्या संस्थांचे प्रसिद्धीस हपापलेले अध्यक्ष व चिटणीस, ह्यांच्यामागे सकाळभर पायपीट करावयाची आणि दुपारी टपाल निघण्यापूर्वी मजकूर लिहून पाठवावयाचा. ह्या सर्वांत भरवशाचे पीक होते ते खुनाचे. म्हैसूरच्या दक्षिणेस नंजनगूड व चामराजनगर ह्या बाजूंनी खुनाची प्रकरणे नियमाने येत असत. शवागारापाशी ताटकळावे, शवविच्छेदनाचा निष्कर्ष मिळवावा, पोलिसांचा पहिला अहवाल पाहावा आणि मग लेखणी मोकळी सोडावी. एक पथ्य मात्र पाळावयाचे: 'अलेज्ड' हा शब्द सढळ हाताने वापरावयाचा. तो वापरला की बदनामीचे आणि न्यायालयाच्या अवमानाचे भय उरत नाही.

हा शब्द येथे जरा थांबून पाहण्यासारखा आहे. आपल्या वृत्तपत्रांनी त्याला 'कथित' हा प्रतिशब्द दिला आहे. 'कथित मारेकरी', 'कथित अपहार' असे शब्दप्रयोग आता आपल्याला खटकत नाहीत. परंतु मराठीजवळ ह्याच कामासाठी फार जुना आणि फार जिवंत शब्द आहे. तो म्हणजे 'म्हणे'. 'रामभाऊंनी म्हणे भावाला विष घातले.' ह्या वाक्यात बोलणाऱ्याने बातमी दिली, पण बातमीची जबाबदारी घेतली नाही. शिवाय त्याने आपला किंचित अविश्वास सूचित केला, किंचित कुतूहल सूचित केले, आणि ऐकणाऱ्याला 'खरे की काय?' असे विचारण्यास जागाही ठेवली. 'कथित' हा शब्द न्यायालयाच्या पायरीवर उभा असतो. 'म्हणे' हा पाणवठ्यावर.

नारायण ह्यांच्या भोवतालच्या दोन्ही भाषांत ही सोय होती. कन्नडात 'बंदनु' म्हणजे तो आला. 'बंदनंते' म्हणजे तो आला म्हणे. घरी बोलल्या जाणाऱ्या तमिळात क्रियापदाच्या अंती 'आम्' लावले की तेच काम होते. ऐकीव आणि पाहिलेले ह्यांतील भेद ह्या भाषा क्रियापदापाशीच नोंदवितात. इंग्रजीत अशी सुटसुटीत सोय नाही. तिला 'असे म्हटले जाते' म्हणून एक स्वतंत्र वाक्य उभारावे लागते किंवा कायद्याच्या कोठारातून 'अलेज्ड' हा शब्द उसना आणावा लागतो. ज्या तरुणाचे मन 'अंते' आणि 'आम्' ह्यांच्या सुरावर विचार करीत होते, त्याच्या हाती बातमीदारीने हा इंग्रजी शब्द दिला. बातमीदारी संपली, शब्दही हळूहळू गळून पडला. परंतु त्या शब्दामागची भूमिका राहिली. सांगावयाचे सर्व काही, पण शपथेवर काहीच नाही, हा नारायण ह्यांच्या निवेदनाचा स्थायी सूर आहे, आणि त्यांच्या विनोदाचे मूळ मला तेथे दिसते. त्यांच्या पात्रांची ते थट्टा करीत नाहीत. पात्रे आपल्याविषयी जे म्हणतात ते, 'म्हणे' हा शब्द न लिहिता, 'म्हणे'च्या सुरात नोंदवितात.

आता कादंबरीकडे वळू. मालगुडीच्या मार्केट रोडवर नटराज नावाचा एक मुद्रक आहे. समोर बैठकीची खोली, मध्ये निळा पडदा, आत छापखाना. बैठकीत एक कवी बसलेला असतो; राधाकृष्णाचे काव्य केवळ एकाक्षरी शब्दांत रचण्याचे व्रत त्याने घेतले आहे. दुसरा सेन नावाचा पत्रकार. नेहरूंचे कोठे चुकते ह्यावर त्याचे अखंड प्रवचन चालू असते. पडद्यामागे शास्त्री, खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, छापणे, बांधणी करणे सर्व काही तोच करतो, आणि थोडेबहुत संस्कृतही जाणतो. ह्या निरुपद्रवी संसारात वासू शिरतो. तो एम. ए. झालेला आहे, पहिलवानी करून बसला आहे आणि मेलेल्या जनावरांत भुसा भरण्याचा त्याचा धंदा आहे. छापखान्याच्या माळ्यावर तो फुकट ठाण मांडतो, जंगलातून शिकार आणून तेथे तिची कातडी सोलतो आणि घरमालक छळतो अशी फिर्यादही तोच गुदरतो. अखेरीस देवळाच्या कुमार नावाच्या हत्तीवर त्याची नजर जाते. मिरवणुकीत त्याला गोळी घालावयाची आणि मेलेल्या हत्तीच्या प्रत्येक अवयवाची किंमत करावयाची, असा त्याचा बेत.

मिरवणूक सुखरूप पार पडते. दुसऱ्या दिवशी वासू आपल्या खोलीत मेलेला आढळतो. शवविच्छेदनाचा निष्कर्ष असा, की कानशिलावर बोथट वस्तूचा जबर आघात होऊन मृत्यू आला. येथून पुढे ही शुद्ध रहस्यकथा आहे. मृत मनुष्य असा, की त्याला मारण्यास गावातील प्रत्येकाजवळ कारण होते. खोली छापखान्याच्या माळ्यावरची. त्या रात्री तेथे गेलेली माणसे मोजकी. त्यांत स्वतः निवेदक नटराज. तो तेथे गेला होता, वासूला आरामखुर्चीत निश्चल पडलेला पाहून त्याने त्याची बंदूकही उचलली होती, आणि घड्याळाचा गजर वाजताच तो पळाला होता. पोलीस येतात, पंचांसमोर चौकशी होते, जबान्या होतात, आणि अज्ञात इसमाकडून मृत्यू असा निर्णय होऊन प्रकरण कागदोपत्री मिटते.

पण गावापुरते ते मिटत नाही. नटराजाच्या बैठकीत आता कोणी फिरकत नाही. ज्या कवीसाठी त्याने खस्ता खाल्ल्या, ज्या सेनचे प्रवचन त्याने वर्षानुवर्षे ऐकले, ते दुरून वळण घेऊन जातात. कोणी त्याला खुनी म्हणत नाही. म्हणावयाचे कारणच नाही. गावाने आपल्या मनात 'नटराजाने म्हणे' असे एक वाक्य सुरू केले आहे आणि ते पुरे करण्याची गरज कोणाला वाटत नाही. न्यायालयाने ज्याला सोडले त्याला 'म्हणे'ने धरले. नंजनगूडच्या खुनांच्या बातम्या इंचांनी विकणाऱ्या तरुणाने, सुटून आलेल्या आरोपीचे पुढे गावात काय होते हे पाहिले असलेच पाहिजे. बातमी तेथपर्यंत जात नसे. तिची लांबी निकालापाशी संपे. कादंबरीने बातमी जेथे थांबते तेथून पुढे चालण्याचे काम केले आहे.

आणि रहस्याचा उलगडा? तो शास्त्री करतो. वासूला डासांचा मनस्वी तिटकारा होता. त्या रात्री रंगी नावाची स्त्री त्याला वारा घालीत बसली होती. तिचा डोळा लागला, डास कपाळावर बसले, आणि लोखंडी गज वाकविणाऱ्या त्या हाताने त्याने स्वतःच्याच कानशिलावर तडाखा हाणला. बोथट हत्यार त्याच्या मनगटाच्या टोकाला होते. नटराजाने बंदूक उचलली तेव्हा समोरच्या खुर्चीत प्रेत होते. शास्त्री ह्या घटनेला भस्मासुराची कथा जोडून देतो. जे हात ठेवील ते भस्म करण्याचा वर ज्याला मिळाला, त्याला अखेरीस स्वतःच्याच मस्तकावर हात ठेवावा लागला.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, की कादंबरीत एक पत्रकार असूनही शोध त्याने लावलेला नाही. ज्याने स्वतः शवागारापाशी ताटकळून बातम्या मिळविल्या त्या लेखकाने आपल्या पत्रकाराला शोधाच्या कामातून पूर्णपणे मुक्त ठेवले आहे. सेनला जगाचे राजकारण कळते. डोक्यावरच्या माळ्यावर काय घडते ते कळत नाही. शोध लावतो तो पडद्यामागचा जुळारी. ह्यात मला एक सूक्ष्म योजना दिसते. जुळाऱ्याला अक्षरे उलटी वाचण्याची सवय असते. खिळ्यावरचे अक्षर आरशातल्यासारखे असते. तो ते तसेच उलटे वाचतो आणि कागदावर ते सरळ कसे उमटेल हे जाणतो. लग्नपत्रिका, हिशेबवह्या, निवडणुकीची पत्रके, सर्व गाव त्याच्या बोटांखालून उलटे गेलेले असते. लहान गावातील खरा बातमीदार तो. गावाचे सरळ दिसणारे चित्र पत्रकार वाचतो. उलटे चित्र शास्त्री वाचतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. सत्य ज्या वाटेने आले ती वाट साक्षीची नाही, 'म्हणे'ची आहे. रंगीने शास्त्र्याला सांगितले, शास्त्र्याने नटराजाला. रंगी ही गावाने वाळीत टाकल्यासारखी स्त्री; तिची साक्ष पंचांनी किती मानली असती? शास्त्री ती सांगावयाला चौकीवर जात नाही. ज्या ऐकीवाने नटराजाला दोषी ठरविले, त्याच ऐकीवाने त्याला निर्दोष ठरविले. मात्र दोषी ठरविणारे ऐकीव सर्व गावात पसरले आणि निर्दोष ठरविणारे निळ्या पडद्यामागेच राहिले. कादंबरीतला विनोद ह्या विषमतेवर उभा आहे, आणि तिच्यातले दुःखही.

ह्या ठिकाणी एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हलका नाही. वासू स्वतःच्याच हाताने मेला, राक्षस स्वतःच नष्ट होतो, असे सांगून लेखकाने माणसांवरील जबाबदारी उडवून लावली नाही काय? वी. एस. नायपॉल ह्यांनी १९७७ सालच्या 'इंडिया: अ वुंडेड सिव्हिलायझेशन' ह्या पुस्तकात नारायण ह्यांच्या इतर कादंबऱ्यांच्या आधारे असाच आरोप केला आहे. जगातील अन्यायापुढे हात जोडून स्वस्थ बसण्याची वृत्ती ह्या कादंबऱ्यांच्या हसऱ्या मुखवट्यामागे आहे, असा त्यांचा एकंदर रोख. मॅन-ईटरच्या बाबतीत तर ह्या आरोपाला आयताच पुरावा मिळतो. नटराज वासूपुढे दुबळा ठरतो, पोलीस दुबळे ठरतात, आणि अखेर डास कामाला येतो.

हा आक्षेप भस्मासुराची कथा ही लेखकाची भूमिका आहे असे मानतो. माझ्या मते ती शास्त्र्याची भूमिका आहे, आणि लेखकाने ती 'म्हणे'च्या सुरातच नोंदविली आहे. भस्मासुराच्या मूळ कथेतही राक्षस आपोआप मरत नाही. मोहिनीला नाचावे लागते. शास्त्र्याच्या सांगण्यातून नेमकी मोहिनीच्या नाचाची बाजू मागे पडते आणि राक्षसाचा हात तेवढा पुढे येतो. कादंबरीत मात्र ती बाजू आहे. वासूच्या बेताची बातमी नटराजाला कळते ती रंगीकडून. वासूच्या खोलीत राहून, त्याच्या रागाची जोखीम घेऊन, हत्तीला वाचविण्यासाठी धडपडते ती रंगी. आणि शेवटच्या रात्री त्याला वारा घालीत बसते तीही रंगीच. गावाने तिची बाजू ऐकली नाही. शास्त्र्याने ऐकली आणि पुराणात बुडवून टाकली. 'राक्षस स्वतःच मरतो' हे वाक्य ज्या समाजाला सोयीचे वाटते, त्या समाजाने कोणाचे ऋण बुडविले आहे ते कादंबरी दाखविते. परंतु शपथेवर सांगत नाही. नायपॉल ह्यांना शपथेवरचे वाक्य हवे होते. ते न मिळाल्यामुळे त्यांनी मौनाला संमती समजले.

बातमीदारच शोधक असलेली कादंबरी नारायण ह्यांनी पुढे लिहिलीच. ती १९८६ सालची 'टॉकेटिव्ह मॅन'. तिचा निवेदक मालगुडीतला हौशी बातमीदार आहे. गावात डॉक्टर रान नावाचा एक रुबाबदार परका येतो, आगगाडीच्या स्थानकावरील विश्रांतिगृहात मुक्काम ठोकतो आणि कोणत्या तरी जागतिक प्रकल्पाच्या गोष्टी सांगतो. बातमीदार त्याच्यावर मजकूर लिहितो, छायाचित्रासह छापून आणतो, आणि ते पाहून दिल्लीहून त्याची बायको शोध घेत येते. पुढे उघडकीस येते ते असे, की हा गृहस्थ गावोगाव स्त्रियांना फसवीत हिंडणारा आहे. आणि शेवटी तो पुन्हा निसटतोच. खून नाही, पण बातमीदाराच्या शोधाची सर्व गंमत आणि सर्व मर्यादा येथे आहेत. बातमीने रहस्य फोडले ते चुकून. बातमीदाराचा हेतू शोधाचा नव्हता, इंचांचा होता. 'लॉली रोड' ह्या पूर्वीच्या कथेतही अशाच बातमीदाराच्या गळ्यात एका साहेबाचा भलामोठा पुतळा पडतो, आणि ज्याची निंदा झाली तो साहेब वस्तुतः सज्जन होता असे निघाल्यावर तोच पुतळा गावाला परत हवासा वाटू लागतो. छापलेले वाक्य मागे घेता येत नाही. 'म्हणे' मात्र केव्हाही मागे घेता येते.

मराठी वाचकाला डॉक्टर रान भेटताच निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आठवेल. आचार्य अत्रे ह्यांचे 'तो मी नव्हेच' हे नाटक १९६२ साली रंगभूमीवर आले. तेही एका प्रत्यक्ष खटल्यावरून, आणि तेही एका वृत्तपत्रकाराने लिहिलेले. दोन्ही लेखकांनी न्यायालयाच्या दाराशी मिळालेला ऐवज विनोदाच्या हवाली केला. भेद असा, की अत्र्यांनी तो पुन्हा न्यायालयातच नेऊन बसविला. साक्षीदारामागून साक्षीदार येतो, प्रेक्षक न्यायाधीश होतो आणि प्रत्येक वेषामागचा एकच माणूस त्याला दिसत राहतो. मराठी मनाला खटला आवडतो. साक्ष, उलटतपासणी आणि निकाल ह्यांची आपल्या रंगभूमीला ओढ आहे. 'शांतता! कोर्ट चालू आहे' ह्या १९६७ सालच्या नाटकात विजय तेंडुलकरांनी ह्या ओढीतील क्रौर्य उघडे केले, तेव्हाही त्यांना खटल्याचाच सांगाडा घ्यावा लागला. नारायण ह्यांना निकाल नको असतो. निकालानंतरचे गाव हवे असते.

आपल्याकडील बातमीदार-नायक त्यामुळे वेगळ्या प्रकृतीचा निघाला. अरुण साधू हे स्वतः पत्रकार. त्यांच्या 'मुंबई दिनांक' (१९७२) आणि 'सिंहासन' (१९७७) ह्या कादंबऱ्यांवरून १९७९ साली निघालेल्या 'सिंहासन' चित्रपटातील दिगू टिपणीस सर्व सूत्रे जाणतो, कोणतेच सूत्र हलवू शकत नाही, आणि अखेर वेड्यासारखा हसू लागतो. ते हास्य महानगराचे आहे. महानगरात बातमीदाराला जे कळते ते इतरांना कळत नाही, आणि ते ओझे त्याला एकट्याला वाहावे लागते. मालगुडीत बातमीदाराला जे कळते ते सर्वांना आधीच कळलेले असते. तेथे त्याचे हसू वेडाचे न होता संकोचाचे होते.

ह्याच कारणाने अर्णाळकरी रहस्यकथा लहान गावात रुजू शकली नसती. झुंजार काय किंवा काळापहाड काय, त्यांना वेषांतर करता येते, कारण त्यांच्या भोवती अनोळखी गर्दी आहे. ज्या गावात चालण्यावरून माणूस ओळखला जातो, तेथे वेषांतराला अर्थ नाही. म्हैसूरच्या आसमंतातही हेरकथा लोकप्रिय होती. ज्या नंजनगूडच्या खुनांवर तरुण नारायण ह्यांची चूल पेटे, त्याच नंजनगूडात १९१८ साली म. राममूर्ती जन्मले. ते पत्रकार झाले, कन्नडात पुष्कळ हेरकथा लिहिल्या, आणि कन्नड चळवळीचा लाल-पिवळा ध्वज त्यांच्याच कल्पनेतून आला. एकाच परिसरातील एक पत्रकार हेरकथेकडून भाषाभिमानाच्या ध्वजाकडे गेला. दुसरा परकी भाषा हाती घेऊन आपल्या गावाच्या कुजबुजीकडे परतला. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. त्यांची तुलना करून एकीला उणे ठरविण्याचे कारण नाही. परंतु दुसरीचा मूळ प्रवाह पहिलीच्याच गावातून निघाला आहे, ही गोष्ट वाङ्मयेतिहासाने नोंदवावी.

शेवटी अनुवादकाच्या दृष्टीने एक अडचण सांगितली पाहिजे, कारण ह्या सर्व विवेचनाला मी तिच्यामुळेच प्रवृत्त झालो. नारायण ह्यांचे इंग्रजी मराठीत आणताना हात पुनःपुन्हा 'म्हणे'कडे वळतो. जी सोय मूळ लेखकाला त्याच्या लेखनभाषेने नाकारली ती आपली भाषा आयती देते. वासूच्या मृत्यूनंतरच्या प्रकरणांत ठिकठिकाणी हा शब्द घातला, तर वाक्ये लगेच खेळू लागतात. मालगुडी सांगली-मिरजेच्या शेजारी येऊन बसते. पण मग नटराज स्वतःच कुजबुजणाऱ्यांपैकी एक होतो, आणि ज्याच्याविषयी कुजबुज चालली आहे तो माणूस नाहीसा होतो. उलट 'कथित', 'असे समजते', 'असे सांगण्यात येते' ह्या वृत्तपत्री शब्दांनी वाक्य बांधले, तर नटराज पोलीस चौकीवरचा कारकून वाटू लागतो. मूळ वाक्य ह्या दोहोंच्या मधून चालते. त्याला पाणवठा ठाऊक आहे आणि न्यायालयही ठाऊक आहे, आणि दोन्हीकडे त्याने थोडा थोडा वेळ घालविलेला आहे.

मला सुचलेला मार्ग असा, की नटराजाच्या तोंडी 'म्हणे' हा शब्द फार जपून, जवळजवळ नाहीच, असा ठेवावा. आणि गावाच्या, सेनच्या, कवीच्या तोंडी तो मोकळा सोडावा. केवळ शेवटी, शास्त्र्याने रंगीची हकीकत सांगितल्यावर, नटराज ती आपल्याशी उजळून पाहतो तेथे तो शब्द एकदा त्याच्या वाट्याला येऊ द्यावा. निर्दोषत्वाची बातमी त्याला मिळाली ती ऐकीव होती, आणि तिच्यावर विश्वास ठेवण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते. ज्या शब्दाने त्याचे घर ओस पाडले, त्याच शब्दाच्या आधाराने त्याला उद्या सकाळी छापखाना पुन्हा उघडावयाचा आहे.